जन्मताच रडले का?

डाटाभाऊ त्या रात्री हॉस्पिटलात गेला तो फक्त एक बटण दाबायला. अकरा मार्चची, मंगळवारची रात्र. दीडचा सुमार. बायकोला म्हणाला, "दार आतून लावून घे, मी उजाडायच्या आत येतो." थर्मासमध्ये चहा, खिशात किल्ल्या. बस्स. यात घाबरण्यासारखं काय आहे? काही नाही. आणि ए, कोपऱ्यातले शूरवीर, आत्तापासून चादर ओढू नका, अजून अवकाश आहे.

ही ऐकीव गोष्ट नव्हे बरं का. त्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम तुमच्या या काकाने एकतीस वर्षं सांभाळली आणि डाटाभाऊ शेजारच्याच खोलीत बसायचा. ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडून ऐकलंय.

तर आमच्याकडे प्रत्येक विभागाचा सवतासुभा. लॅबची यादी वेगळी, ओपीडीची वेगळी, प्रसूती विभागाचा तर स्वतःचा जुनाट कॉम्प्युटर. एकाच माणसाच्या चार ठिकाणी चार नोंदी. एकीत रक्तगट, दुसरीत पत्ता, तिसरीत दोन्हींचा पत्ता नाही. हे सगळं एका डेटाबेसमध्ये आणायचं, एक माणूस एक नंबर, हे काम डाटाभाऊकडे आलं. त्याने नियम बसवला. आडनाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी आणि फोन, हे चार जुळले की माणूस एकच. दोन नोंदींची एक करून टाकायची. जन्माची वेळ फक्त प्रसूतीवाल्यांकडे लिहिलेली असायची, म्हणून तो रकाना त्याने काढूनच टाकला. म्हणाला, "उगाच अडगळ." सहा महिन्यांत अकरा हजार जोड्या एकत्र केल्या पठ्ठ्याने. नुसता मिरवत होता. आता त्या रात्री नवी सिस्टीम चालू करायची आणि सकाळी जुने कॉम्प्युटर पुसून भंगारात द्यायचे, एवढंच राहिलं होतं.

पण त्याच दुपारी खिडकीशी एक बाई आली होती. हाताशी पाच वर्षांची मुलगी.

"साहेब, माझ्या धाकटीचा कागद हवा होता. ही थोरली. जुळ्या होत्या."

डाटाभाऊने स्क्रीनवर पाहिलं. "ताई, इथे एकच नोंद आहे."

"दोन होत्या. हिच्यामागून चार मिनिटांनी ती. दीड तास होती म्हणे."

"म्हणे?"

"मी शुद्धीवर नव्हते. जाग आली तोवर घरच्यांनी सगळं उरकलं होतं. मी तिला पाहिलंच नाही हो. फोटो नाही, नाव नाही. रडलीसुद्धा नाही म्हणतात. तुमच्याकडे काय लिहिलं असेल तेवढीच ती."

जेवणाची सुट्टी होत आली होती. जुना कॉम्प्युटर तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये. तीन जिने उतरायचा कंटाळा आला त्याला. दुसरं काही नाही, कंटाळा. म्हणाला, "तुमची काहीतरी चूक होतेय, ताई."

बाईने चिठ्ठीवर फोन नंबर लिहून खिडकीत ठेवला, मुलीचा हात धरला आणि गेली.

आईला सांगतोय, चूक होतेय! स्वतःची लेकरं मोजण्यात! पण त्या वेळी त्याला काही वाटलं नाही. जेवला, पानसुद्धा खाल्लं.

तर रात्री. तिसरा मजला, तो एकटा. खाली प्रसूतीचा जुना वॉर्ड, वर्षभरापूर्वीच नव्या इमारतीत हलवलेला. रिकाम्या खाटा, दाराला कुलूप. बटण दाबण्याआधी त्याने सवयीने पाहिलं, उरलेल्या जोड्या किती. शून्य हवं होतं. होतं एक.

राहिली असेल एखादी. 'एकत्र करा' दाबलं. शून्य झालं. त्याने चहा ओतला.

कप संपायच्या आत पुन्हा... एक.

"काय कटकट आहे!" पुन्हा दाबलं. शून्य. भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजून चोवीस मिनिटं.

दोन अठ्ठावीस. एक.

दोन बत्तीस. एक.

या वेळी त्याने दाबलं नाही. जोडी उघडली. पहिल्या नोंदीत सगळं भरलेलं, लसी, वजनं, दातांची तक्रार. दुसरीत फक्त आडनाव, तारीख, मुलगी आणि फोन नंबर. बाकी सगळे रकाने कोरे. त्याने खिडकीवरची चिठ्ठी आणली. नंबर ताडून पाहिला.

तोच होता.

चार मिनिटांनी ती...

बोट माऊसवरून निसटलं त्याचं. मला सांगताना म्हणाला, "काका, भीती नंतर वाटली. आधी शरम वाटली. चार मिनिटांचा रकाना मीच पुसला होता. मला जड झाला होता तो."

मग उतरला तीन जिने. दुपारी कंटाळा आला होता ना, तेच. स्टोअर उघडलं, जुना कॉम्प्युटर लावला. खरखरत चालू झाला तो. तारीख शोधली. एकाखाली एक दोन ओळी. तीन चाळीस, मुलगी. तीन चव्वेचाळीस, मुलगी. वजन एक किलो चारशे दहा. जन्मताच रडले का, नाही. आयुष्य, दीड तास.

सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि वर आला. आधी जन्मवेळेचा रकाना परत बसवला. मग ती कोरी नोंद स्वतःच्या हाताने भरायला घेतली. वेळ. वजन. जन्मताच रडले का...

नाही.

नोंद जतन केली. जोड्या, शून्य.

तो थांबला. पंखा बंद केला. श्वाससुद्धा हळू...

खालून आवाज आला.

कुलूप लावलेल्या वॉर्डातून. बारीक. एकदाच. पहिल्यांदा श्वास घेतलेलं मूल रडतं ना... तसा.

मग काही नाही.

घड्याळात तीन चव्वेचाळीस.

तो पळाला नाही. कुणीही पळालं असतं, मी तर जिन्यावरून गडगडत गेलो असतो. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. तीन अठ्ठेचाळीसला मान वर करून पाहिलं, शून्यच होतं. मग जुन्या कॉम्प्युटरमधून सगळ्या वेळा आणून आणखी सदतीस जुळी त्याने सकाळपर्यंत वेगळी केली. सिस्टीम काही ठरल्याप्रमाणे त्या रात्री चालू झाली नाही. साहेबांनी अकरा वाजता जी खरडपट्टी काढली ती अख्ख्या मजल्याने ऐकली. हा मान खाली घालून हसत होता, म्हणून आणखी चार शब्द मिळाले.

दुपारी फोन करून बाईला बोलावलं. कागद छापून तिच्या हातात दिला. "माझीच चूक झाली, ताई. दोनच होत्या."

ती एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेली. वजनावर थांबली, तळहात थोडा वर उचलून पाहिला, जणू अंदाज घेतला. मग बोट खाली सरकलं आणि तिथेच राहिलं.

"रडली होती?"

डाटाभाऊने कागद पाहिला. जन्मताच रडले का. हो.

"मला तर सगळे म्हणाले रडलीच नाही. खरंच रडली होती माझी?"

तो म्हणाला, "रडली, ताई. मी ऐकलंय."

तिने विचारलं नाही, तुम्ही कुठून ऐकलंत. कागदाची घडी घातली, पदराआड धरली आणि तिथल्या बाकावर बसून पोटभर रडली. थोरली तिचे डोळे पुसत होती.

ती गेल्यावर डाटाभाऊ धावत माझ्याकडे आला. प्रसूतीचं हाताने लिहिलेलं रजिस्टर माझ्या ताब्यात. आम्ही दोघांनी पान काढलं. नर्सच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'नाही'. मग सिस्टीम उघडली. तिथे 'हो'.

आता डाटाभाऊने एक गोष्ट मात्र चोख केली होती. कुठलाही रकाना बदलला की बदलणाऱ्याचं नाव आणि बदलल्याची वेळ शेजारी आपोआप पडतात. ते नाव पडल्याशिवाय सिस्टीम पुढे सरकतच नाही. आम्ही तो रकाना पाहिला.

वेळ होती, तीन चव्वेचाळीस. नावाची जागा कोरी होती.