शिळ्या ऑलिव्हची अकरा पोती

प्रेमकथेत नायिकेला आधी नायकाचे डोळे दिसतात, निदान खांदे तरी. दोर्राला लसादच्या पोत्यांचा वास आला.

सोमवारी दुपारी ती शेजारच्या बागेच्या मालकाला गाठायला घाण्याच्या फाटकाबाहेर पडली, तर वाट अडवून एक छोटा ट्रक उभा. वर ऑलिव्हची अकरा पोती, खाली शर्टाच्या टोकानं चष्मा पुसणारा एक उंच माणूस. तिनं एका पोत्याला नाक लावलं.

"कधी तोडलेत?"

"आधी सलाम तरी—"

"कधी तोडलेत?"

"नऊ दिवस झाले," तो म्हणाला, बाळाचं वय सांगावं तशा कौतुकानं.

परत न्या, म्हणाली ती. मग त्यानं ओळख करून दिली. लसाद. स्फाक्स शहरातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. आणि ती शेजारची बाग… त्याचीच.

दोर्रानं डोळे मिटून घेतले. ज्याची मनधरणी करायला निघालो त्याच्यावर आपण आधीच खेकसून बसलोय, हे पचवायला माणसाला थोडा वेळ लागतो.

चौदा बायकांनी हातातल्या बांगड्या मोडून हा घाणा उभा केला होता, आणि दोर्रा त्यांची म्होरकी. पेंडीतल्या बिया वाळवून त्यांवर भट्टी चालायची. तेल निघाल्यावर जे काळं पाणी उरतं, ते इतर घाणे मान वळवून ओढ्यात सोडतात. या बायका ते मोजून मापून बागांत शिंपायच्या. झाडांना खत मिळायचं, ओढ्यातले बेडूक जिवंत राहायचे. पण एक बाग वर्षाला ठरलेलंच पाणी पिते. बाकीच्या बागा पिऊन तृप्त झाल्या होत्या, आणि शनिवारी काळ्या पाण्याची टाकी काठोकाठ भरणार होती. उरली होती फक्त लसादची बाग. संमतीच्या कागदावर त्याची सही नसेल, तर ऐन हंगामात घाणा बंद.

लसादनं कागद दोनदा वाचला. कल्पना छानच आहे म्हणाला. फक्त त्याच्या आईची, शादलियाबाईंची, एक अट होती. आधी ही अकरा पोती गाळायची, मग सही. पोत्यात आठ-दहा दिवस घाम फुटल्याशिवाय ऑलिव्ह तेल सोडत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं.

"त्यातलं पाणी उडून जातं, म्हणून तेल जास्त वाटतं. तुम्ही तर विज्ञान शिकवता."

"अगदी बरोबर."

"मग सांगा ना आईंना."

"मी वर्गात चाळीस पोरांना सांगतो. आईला… नाही."

दोर्राही हटेना. घाण्याच्या तेलाच्या डब्यावर 'तोडलं त्याच दिवशी गाळलं' असं छापलेलं होतं, आणि शिळ्या मालाचा वास यंत्राला एकदा चिकटला की महिनाभर जात नाही. लसादनं पोती परत नेली, बरोबर कागदही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो पुन्हा हजर. तीच पोती. आईचं मन अजून वळलं नाही, म्हणाला, आणि भट्टीत बिया किती वेगानं जळतात याची चौकशी करत तासभर बसला. दोर्रानं त्याला चिडून उत्तरं दिली, चिडून चहा दिला, चिडून हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, आणि ताज्या तेलात बुडवलेली भाकर दिली. तेल घशाला झोंबून तो दोनदा खोकला.

"दोनदा," ती नाइलाजानं म्हणाली. "म्हणजे तेल उत्तम आहे."

बुधवारी तो आला. गुरुवारी आला. टाकी चार बोटं रिकामी राहिली होती. भट्टी सांभाळणाऱ्या मन्नूबिया मावशींनी विचारलं, हा मास्तर रोज येतो आणि तू रोज ओढणी बदलतेस, यात काही संबंध आहे का? दोर्रानं त्यांना भट्टीकडे लक्ष द्यायला सांगितलं.

शुक्रवारी तिचा धीर संपला. शेवटचं विनवायचं ठरवून ती ट्रकापाशी गेली, सोमवारनंतर पहिल्यांदाच पोत्याला नाक लावलं आणि थबकली. वास नव्हता. तिनं पोत्याचं तोंड सोडलं.

आत गवत होतं.

"ऑलिव्ह मंगळवारी सकाळीच पलीकडच्या गावात गाळून झाले," लसाद चष्म्याशी चाळा करत म्हणाला. "आईनं तेव्हाच परवानगी दिली. सहीसुद्धा… झालीय." त्यानं खिशातून कागद काढला. तारीख मंगळवारची. "पण कागद दिला असता, तर बुधवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"उद्या माझी टाकी भरतेय! चौदा घरं झोपली नाहीत आणि तुम्ही गवत फिरवताय?"

त्याचा चेहरा उतरला. उद्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खरंच होतं ते… ताठ्यापायी दोर्रा तारीख बोललीच नव्हती. पण चूक अर्धी आपली निघाली की राग दुप्पट होतो. तिनं कागद हिसकावला आणि पुन्हा तोंड दाखवू नका म्हणून बजावलं.

शनिवारी काळ्या पाण्याचा पहिला टँकर त्याच्या बागेत गेला. माप तपासायला जावं लागतं, म्हणून दोर्रा गेली. मापं एरवी मन्नूबिया मावशी तपासायच्या.

लसाद शिडीवर होता. जुन्या पद्धतीनं बोटांवर बोकडाची पोकळ शिंगं चढवून, ऑलिव्ह खाली पाडायला फांद्या विंचरत होता. खाली शादलियाबाई चादरीवर बसून, तुझ्यापेक्षा बोकड बरा तोडेल, म्हणून त्याला ऐकवत होत्या. तो निमूट उतरला. पाणी मिळाल्याची नोंद करायची होती, पण शिंगांच्या बोटांनी पेन धरता येईना.

"इकडे करा हात," दोर्रा म्हणाली.

एकेक शिंग ती काढत गेली. बोटं गरम होती, खरचटलेली. सहीला उजवा हात पुरतो, पण तिनं डाव्याचीही पाचही शिंगं काढली. शादलियाबाई अचानक फार मन लावून पानं निवडू लागल्या.

"मला गाळून काहीच नको होतं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही चिडलात की… पुढचा दिवस बरा जायचा."

"वेड लागलंय."

"हो. मंगळवारपासून."

तिनं शिंगं त्याच्या आईच्या टोपलीत टाकली. त्याचा हात सोडायचा मात्र राहून गेला.

"उद्या ये," ती म्हणाली.

"काय घेऊन येऊ?"

"काही नको. नुसता ये."