डोलीतली जागा

भुताखेताचं नाव काढलं की जयदेव उसळायचा. "आमच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच हे सगळं गटारात फेकलं," म्हणायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण तोंडाळ. आणि त्या दिवशी नेमकं बोलायचं तेवढंच तो बोलला नाही.

साल ब्याण्णव. अंबरनाथच्या बुवापाड्यातून, विहारातली सहा म्हातारी माणसं घेऊन टेंपो लेणी बघायला निघाला. त्यात जयदेवची आई बनूबाई. सत्तरी उलटलेली, गुडघे पार गेलेले, पण हट्ट एकच: डोळे आहेत तोवर दगडातला बुद्ध बघायचा. जयदेवला तिच्याशिवाय जगात कोणी नव्हतं. "सुखरूप नेतो, सुखरूप आणतो," असं त्याने अख्ख्या चाळीला ऐकवलं होतं.

चामटोली गाव मागे टाकून टेंपो डोंगराच्या पायथ्याशी थांबला. वर बघूनच बाकीच्यांनी हात जोडले. उभ्या कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. पाच जणांनी चिंचेखाली बसकण मारली. बनूबाईसाठी मात्र डोली केली. दोन बांबूंना बांधलेली खुर्ची आणि चौघांचे खांदे.

वर लेण्यात गारवा होता, वटवाघळांचा उग्र वास होता. बनूबाईने मूर्तीच्या पायावर कपाळ टेकवलं आणि ती ढसाढसा रडली. जयदेवचेही डोळे भरून आले. आईचं एवढं तरी करू शकलो, असं त्याला वाटलं.

उतरायच्या वेळी डोलीवाल्यांचा म्होरक्या रामभाऊ त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, उतरताना डोली उलटी धरतो आम्ही. आईचं तोंड डोंगराकडं ऱ्हाईल. मागनं कोणी येताना दिसलं, तर त्याला 'बस' म्हणायचं नाय. एवढं सांगा आईला."

"कोण येणार मागनं?"

"ते नका इचारू. सांगा फक्त."

जयदेव हसला. आईला काही सांगितलं नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. उन्हात गवत तापून करपल्यासारखा वास येत होता. जयदेव तिची काठी घेऊन पुढे, मागे डोली. चार-पाच वळणं झाली असतील, तोच बनूबाई कोणाशी तरी बोलायला लागली.

"आई, कोणाशी बोलतेस गं?"

"ही बाई नाय का येत मागनं... अनवाणी हाय बिचारी. पाय भाजत असतील..."

जयदेव गर्रकन वळला. "आई, गप्प बस!"

पण बनूबाईचा जन्म गेला दहा बाय दहाच्या खोलीत. दारात कोणी आलं की सरकून जागा द्यायची, ही तिची सवय. विहारात, दवाखान्यात, कुठेही. ती मायेने म्हणाली, "ये गं, बस. सरकते मी."

बांबू करकरला. चौघंही एकदम कण्हले. मागच्या एकाचा गुडघा पायरीवर आपटला.

"दादा..." रामभाऊचा आवाज चिरकला, "सांगितलं व्हतं ना मी..."

"खाली ठेवा! डोली खाली ठेवा!"

"इथं कुठं ठेवू? पायरीवर पाऊल मावंना..."

मध्ये पुढचे दोघे डोलीवाले, दोन बांबू, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. आई चार खांद्यांवर आणि जयदेवला तिच्यापाशी पोचता येईना. खुर्चीची पाठ तेवढी दिसत होती. ओरडण्यापलीकडे त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"जयदेव... जागा पुरत नाय रं..."

"हलू नकोस आई! तुझ्या पाया पडतो, बसून राहा!"

"लई दमलीय ही... मी उतरते जरा."

"नको, आई! नको..."

आणि डोली हलकी झाली. अगदी पहिल्यासारखी. चौघांनी श्वास सोडला आणि जवळजवळ पळतच ते खाली आले. पायथ्याशी खुर्ची टेकली, तसा जयदेव धावला. आई बसलेली. तेच पांढरं लुगडं, हनुवटीवरचं तेच गोंदण. त्याने तिला घट्ट मिठी मारली आणि लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. रामभाऊ मात्र तिच्याकडे न बघता बांबू सोडवत होता.

चिंचेखाली बसलेल्यांपैकी शालनबाईने पाणी पुढे केलं. "बनूबाई, झालं का दर्शन?"

ती जयदेवकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, लई भली हो तुमची आई. म्हणाली, तुला घर नसंल तर माझ्या जागी जा."

जयदेवने रामभाऊचे पाय धरले. "वर चला. कितीही मागा, पण चला." रामभाऊने मान हलवली. "कोणाला आणणार, दादा? तुमची आई तर ही बसलीय... आन् दोघी झाल्या, तर घरी कोणती नेणार?"

तेवढ्यात वरच्या वळणावरून हाक आली. आवाज ओळखायला कोणाला काही कष्ट पडले नाहीत.

"जयदेव... जेवून घ्या रं सगळे. माझ्यासाठी थांबू नका..."

कोणीही वर बघितलं नाही. डोलीतून उतरून शेजारी बसलेल्या म्हातारीने डबा उघडला आणि जयदेवच्या ताटात भाकरी वाढली.