पोटातली वाळू

“काढ! अगं, काढ ते!” प्रोफेसर ओरडले आणि त्यांच्या विद्यार्थिनीने दोन्ही हात कोपरापर्यंत ॲसिडच्या टबात घातले.

टबात शिंपले फसफसत होते. दक्षिण ध्रुवाजवळच्या बेटावरून आणलेले, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले. प्रोफेसरांनी तरुणपणी बर्फात जीव धोक्यात घालून जमवलेले. ती चाचपडत राहिली. हाताशी आलेलं बोटांतच विरत गेलं.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा मुलगी दवाखान्यात होती. प्रोफेसर प्रयोगशाळेत आपल्या मोहिमेच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

“टब कोणी भरला?”

“तिनेच. काल संध्याकाळी शेवटी तीच निघाली.”

“किल्ली तुमच्याकडेही असते ना?”

“असते. पण बाई, मी माझी लेकरं ॲसिडात घालीन?”

“मग तिने का घातली?”

“धांदरटपणा. काही शिंपले गारगोटीचे झालेले असतात. ते ॲसिडात ठेवले की भोवतीचा दगड जातो, शिंपला उरतो. हे होते चुन्याचे. हे स्वतःच विरघळतात. तिने चुकीचा ट्रे घेतला. माझी तक्रार लिहून घ्या, तिला पुन्हा कुठल्याही संग्रहालयात पाऊल ठेवता येता कामा नये.”

मुलीच्या हातांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

बाईंनी टबात डोकावून पाहिलं. तळ लख्ख होता. वर लसणाच्या सालीसारखे तपकिरी पापुद्रे तरंगत होते. त्यांनी चिमट्याने दोनचार उचलून बाटलीत घातले. टेबलावर भिंगाखाली दगड झालेला एक शिंपला फोडून ठेवलेला होता. पोट हिरव्या वाळूने गच्च भरलेलं.

“हे काय?”

“समुद्रतळाची वाळू. शिंपला मेला की आत शिरते आणि तिथेच घट्ट होते. प्रत्येकातच असते.” शिकवायला मिळालं की प्रोफेसरांना राहवत नसे.

“ही वाळूही ॲसिडात विरघळते?”

“छे! वाळूला ॲसिड काय करणार?”

बाईंनी मान डोलावली आणि दवाखाना गाठला.

मुलीचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते. “डॉक्टर म्हणतात, बोटं राहतील, पण सुई धरता येणार नाही,” ती म्हणाली. सुईने दगड कोरून शिंपला मोकळा करणं, हेच तिचं काम होतं.

“चुकीचा ट्रे तू घेतलास?”

“मला तर आठवत नाही, मॅडम. पण सर म्हणतात म्हणजे घेतला असेल. सगळं माझ्यामुळे गेलं.”

“काय शोधत होतीस त्यांत?”

“सरांचं पुस्तक आहे ना, उल्का पडली आणि तिथले हे शिंपले एका फटक्यात संपले, असं सांगणारं. तिथला उल्केआधीचा वाळूचा थर राखाडी, नंतरचा हिरवा. सरांनी हे शिंपले कधी फोडले नव्हते, जिवापाड जपायचे. मी परवानगी काढून एक फोडला. मग आणखी काहींना बारीक छिद्र पाडून पाहिलं. सगळ्यांत हिरवी वाळू. म्हणजे ते उल्केनंतरही जगले होते.”

“सर रागावले?”

“उलट पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास, लिहायला घे.”

बाटलीतल्या पापुद्र्यांची तपासणी झाली आणि बाई हवालदाराला घेऊन परत प्रयोगशाळेत आल्या. प्रोफेसर ट्रंकेवरच होते.

“सर, ट्रेभर शिंपले विरघळले तर टबात हिरव्या वाळूचा ढीग उरायला हवा होता. तुम्हीच सांगितलंत, वाळूला ॲसिड काही करत नाही. मग गेली कुठे?”

प्रोफेसर ट्रंकेवर आणखी मागे सरकून बसले.

“उरले ते पापुद्रे. ताज्या शिंपल्याच्या अंगावरची कातडी. ती चुन्याइतक्या लवकर विरघळत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यावर ती कुठून येणार? तुम्ही सकाळी मासळीबाजारातले शिंपले टबात ओतले. ओळखू येऊ नयेत म्हणून पाणी न घालता कडक ॲसिड टाकलंत, आणि ते अर्धे विरघळल्यावर तिला हाक मारलीत. एक फोडलेला शिंपला सोडून सगळा पुरावा गेला, दोष तिच्या माथी, तुमचं पुस्तक शाबूत. उठा.”

ते उठले नाहीत. हवालदाराने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि बाईंनी झाकण उघडलं. ट्रंकेत कापसात गुंडाळलेले, एकेक करून नीट रचलेले सगळे शिंपले होते.

“खरे टाकवेनात हो,” प्रोफेसर रडू लागले. “आयुष्य घातलंय मी त्यांच्यात.”

“आणि ‘काढ, काढ’ म्हणून का ओरडलात? टबात काय आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“ओरडलो नसतो तर तिला संशय आला असता.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “शिंपले टाकवले नाहीत तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पोरीचे हात टाकवले.”

संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळे शिंपले सापडल्याचं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. हिरवी वाळू शाबूत आहे ना, एवढंच तिने दोनदा विचारलं. मग तिची नजर स्वतःच्या बँडेजकडे गेली.

“मॅडम, मग मी टबातून काय काढत होते?”

प्रश्न विचारणं हा बाईंचा धंदा होता. उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी खुर्ची ओढून तिच्या जवळ घेतली.