द्वारकाबाईंच्या शेजारची खाट

२०१६च्या एप्रिलमध्ये शहरात चार दिवसांआड पाणी येत होतं. छावणीपलीकडच्या एका खाजगी मनोरुग्णालयात मी आणि हिमांशू फॉर्म घेऊन गेलो. आम्ही दोघं वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होतो. रुग्णांना स्वतःचे कपडे, घरी फोन आणि न्हाणीघराला आतून कडी मिळावी, एवढीच आमच्या विद्यार्थी गटाची मागणी होती. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं ठरलं होतं. हिमांशू पुरुषांकडे गेला, मी बायकांकडे.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. माझी थोरली बहीण शैला याच वॉर्डात वर्षभर होती आणि तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं इथंच गेली. उस्मानपुऱ्यात, आमच्या गल्लीत, आम्ही सांगितलं होतं, लग्न होऊन इंदूरला गेली. मी तिला एकदाच भेटले. "मला घरी ने, नीरजा," ती म्हणाली. "रविवारी येते," म्हणून मी निघाले ते परत गेलेच नाही.

पहिल्या खाटेवर द्वारकाबाई होत्या. त्यांनी शेजारच्या, खिडकीजवळच्या खाटेकडे बोट केलं. "आधी तिचं लिवा. लई दिवस थांबलीय."

खाट रिकामी होती. उशाशी स्टुलावर पाण्याचा पेला.

"टँकरचं पाणी आहे," सिस्टर ओशाळून म्हणाल्या. "पण तिथं ठेवलं नाही, तर या बायका पीतच नाहीत."

मी फॉर्मवर लिहिलं: रुग्ण गोंधळलेली.

दुसरीनंही तेच सांगितलं. व्हरांड्यात एकटी बसलेल्या, आतलं काहीच न ऐकलेल्या तिसरीनंही. तिच्या फॉर्मवर मला काहीच लिहिता येईना.

"तुला बहीण हाय का गं?" मी आत परतल्यावर द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही."

कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. चारचौघांत अपमान झालेल्या माणसाकडे बघावं, तशा सगळ्या त्या खाटेकडे बघत होत्या.

मी उठून त्या खाटेच्या कडेला बसले. चादर कोमट होती.

"होती," मी म्हणाले. "मी येते म्हणून सांगितलं, अन् आले नाही."

"मला काय सांगती? तिला सांग," द्वारकाबाई आपल्या खाटेवरून म्हणाल्या. "अन् जरा सरक."

मी सरकले.

तेवढ्यात हिमांशू दारात आला. त्याची नजर माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर थांबली. तो अदबीनं जरासा वाकला.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा फॉर्म भरायचा राहिलाय का?"