मिहरेत रडत नाही

टेपचे सेल उतरले, म्हणून वोर्के मुलीला पाठीशी बांधून भरदुपारी नाक्यावरच्या गाण्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं सेल दिले, पण तिच्या नवऱ्याचं नाव काही काढलं नाही. अस्रातच्या तबकड्या त्यानं पुढच्या फळीवरून केव्हाच उचलल्या होत्या. अदिस अबाबात तेव्हा सगळेच असे जपून वागत.

अस्रात हॉटेलातल्या बँडमध्ये गायचा. अमेरिकन शिपायांनी आणलेल्या तबकड्या ऐकून ऐकून त्यानं त्यांतल्या गायकांची ती छातीतून फुटणारी आरोळी उचलली होती आणि तिला आपल्या अम्हारी गळ्याचा कंप जोडला होता. मागे सॅक्सोफोन, ऑर्गन आणि पायांना स्वस्थ बसू न देणारा ठेका. शेजारच्या देब्रितूमावशी त्याला चिडवायच्या, "गातोयस, की कुणी पाय तुडवलाय रे तुझा?" तो हसायचा आणि आणखी मोठ्यानं ओरडायचा.

एका सकाळी सरकारी जीप त्याला घेऊन गेली. मग वस्तीच्या कचेरीतून निरोप आला, की तो क्रांतीचा शत्रू होता, प्रेत मिळणार नाही, आणि घरातून रडणं ऐकू आलं तर बघून घेऊ. ना दारापुढे शोकाचा तंबू उभा राहिला, ना बायकांनी छाती बडवली. वोर्केचे दिवस भरत आले होते. तिनं शाल तोंडात कोंबली.

मिहरेत जन्मली तीही न रडता. सुईणीनं उलटी धरून चापट्या मारल्या, पोर नुसती टकामका बघत राहिली. भूक लागो, ताप येवो, तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण आवाज फुटायचा नाही. डॉक्टर म्हणाला, गळ्यात काही दोष नाही. पोर मात्र वाळत चालली होती. वोर्के रात्रीतून उठून उठून तिच्या नाकाशी बोट धरायची.

बापाची टेप लावली की तेवढी ती खुलायची. म्हणून वोर्के रोज लावायची, अगदी बारीक आवाजात.

घरी येऊन तिनं मुलीला मांडीवर घेतलं, नवे सेल घातले, बटण दाबलं. ठेका सुरू झाला, ऑर्गन आलं, अस्रातचा आवाज आला. आणि त्या आवाजाच्या मागे, सॅक्सोफोनच्याही पलीकडे... एक तान्हं बाळ रडत होतं.

वोर्केनं टेप मागे घेतली. पुन्हा तेच, आता जास्त जवळ. अस्रातनं गाणं अर्ध्यात सोडलं होतं. तो हळूच कुणाला तरी थोपटत होता. "उगी गं... उगी, मिहरेत..."

हे नाव त्याला ठाऊकच नव्हतं.

तिनं मांडीवर पाहिलं. मिहरेतचं तोंड उघडं होतं. पोरीनं तोंड मिटलं, की टेपमधलं रडणं थांबायचं.

कॉफी घेऊन आलेल्या देब्रितूमावशी दारातच थिजल्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"त्याला कुणी सांगितलंच नाही गं," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"तो गेलाय म्हणून. तू रडल्याशिवाय कळायचं कसं त्याला? पोरीचं रडणं त्यानं नेलंय, बाई... आता पोर नेईल."

"रडले तर त्याचा आवाज जाईल, मावशी. मग माझ्याकडे काय उरलं त्याचं?"

मावशींनी फक्त पोरीकडे पाहिलं.

वोर्केनं मिहरेतला गादीवर ठेवलं, दार सताड उघडलं आणि टाहो फोडला. त्याचं नाव घेत, त्याच्या केसांचं, त्याच्या आरोळीचं कौतुक सांगत ती रडली, बायका मयताला रडतात तशी. गल्लीतल्या खिडक्या पटापट मिटल्या. मग एका मिटलेल्या खिडकीआडून दुसरी बाई रडू लागली. मग आणखी कुणी. किती घरांत किती दिवसांचं दाबून ठेवलेलं होतं, कोण जाणे.

आणि पाठीमागे मिहरेत रडली. घोगऱ्या, नव्या कोऱ्या आवाजात.

टेप चालूच होती. तिच्यात आता नुसता बँड वाजत होता. अस्रातच्या जागी काहीच नव्हतं.

वोर्के धावली. पोर हात वर करून रडत होती, कुणी उचलायला वाकलं की मुलं करतात तसे. कुणी दोन्ही काखांत हात घालून धरावं तसं तिचं झबलं आवळून तिथं चुण्या झाल्या होत्या आणि पाठ गादीवरून उचलली गेली होती. वोर्केनं तिला कमरेशी धरलं. पोर येईना. पलीकडून कुणी ओढत नव्हतं, नुसतं धरून होतं.

"दे रे," ती रडत म्हणाली. "माझ्याजवळ दे तिला..."

बऱ्याच वेळानं एका काखेतली चुणी सैल झाली.

दुसरी झाली नाही.