फेरातली जागा

किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि मी कुणाली. बाई फोन उघडते म्हटल्यावर सुरुवातीला लोक उगाच चार्जर घ्यायच्या निमित्ताने बघायला यायचे. आता निमूट नंबर लावून बसतात. सांगायचा मुद्दा, मी यंत्रं उघडून बघणारी बाई आहे. उतारे, गंडेदोरे, अंगात येणं या गोष्टींना मी थारा देत नाही. सासूशी माझं त्यावरून रोज वाजतं.

माझा नवरा सुनिल कल्याणला डिलिव्हरीची मोटारसायकल चालवायचा. लोकांची जेवणं पोचवायची, शनिवारी घरी यायचं. अंगाने इतका उंच, की आमच्या घराची चौकट त्याच्या कपाळाला लागायचीच. सासू भागीबाई चुलीपासूनच ओरडायची, "वाक रे, डोकं लागंल." हा हसत हसत आदळायचा.

गेल्या साली श्रावणात तो घरी यायला निघाला आणि पोचला नाही. गाडी मुरबाड रस्त्याला मोरीजवळ सापडली. स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला, गळ्यातला टॉवेल हँडलला. पोलीस आले, पोरं ओढ्यात उतरली, रान पालथं घातलं. काही मिळालं नाही. अ‍ॅपवाल्यांनी आयडी बंद केला आणि त्याच्या वाटच्या ऑर्डरी त्याच संध्याकाळी दुसऱ्याकडे गेल्या.

आमच्या पाड्यात मात्र जागा अशी जात नाही. आम्ही फेराचा नाच नाचतो, बाया-पुरुष एकत्र, एकमेकांच्या पाठीमागून हात घालून. कोणी कामाला बाहेरगावी गेला असेल तर फेरात त्याची जागा मोकळी ठेवतात. दोन्ही बाजूच्या दोघांनी त्याच्याच वापरातल्या कपड्याची टोकं धरायची. जिथे त्याची पाठ असती तिथे तो कपडा लोंबत राहतो. माणूस वारला, तर टोकं सोडून एकमेकांचे हात धरतात आणि फेर बंद होतो. मग कोणी त्याचं नाव घेऊन वाट बघत नाही.

सुनिलच्या जागेला त्याचा टॉवेल होता. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याचा चुलतभाऊ जैतू याच्या हातात. सुनिल होता तेव्हा वळायच्या आधी माझ्या कमरेवर दोनदा अंगठा दाबायचा, कारण मी वळण हमखास चुकवायची. आता तर सांगायलाच नको, मी सारखी चुकत होते.

भातं झोडून झाली आणि पुण्याहून संजीवनी मॅडम आल्या. नाच बसवणाऱ्या. त्यांना डिलिव्हरीवाल्या पोरांवर कार्यक्रम करायचा होता. आमचा फेर, पोरांची रेकॉर्ड केलेली बोलणी आणि पडद्यावर नकाशा, असं सगळं मिळून. प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा. पट्टा थरथरला की ऑर्डर आली, तिकडे धावायचं. पडद्यावर आम्ही सगळे हिरवे ठिपके. त्यांच्याबरोबर किशोर नावाचा कॉम्प्युटरवाला होता. पट्टे बिघडले की तो मला हाक मारायचा, म्हणून मी नाचणारीही झाले आणि मेकॅनिकही.

"शेवटी काय होतं," मॅडम समजावत होत्या, "एक माणूस गळतो, आणि सिस्टीम त्याची जागा भरून टाकते. सगळ्यांचे पट्टे एकदम थरथरतील. तुम्ही टॉवेल सोडून हात धरायचे. अंधार. संपलं."

ढोलवाले देवजीकाका, सुनिलचे चुलते, ढोलाची दोरी आवळत बसले होते. परत जाताना त्यांनी मला गाठलं.

"बाई नकळत बरोबर बोलली गो. वर्षाच्या वर जागा धरू नये."

"का म्हणून?"

"मोकळी जागा बघून कोण येऊन उभा राहील, सांगता येत नाय."

"काका, कोण येणार? रिकामा टॉवेल धरलाय आमी."

"म्हणूनच तर," म्हणाले, आणि चालायला लागले.

शाळेच्या वर्गात पहिली तालीम झाली त्या दुपारी किशोरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ताई, एक ठिपका जास्त दिसतोय." आम्ही सगळे वर्गाच्या चौकोनात होतो आणि एक ठिपका नकाशाच्या अगदी कडेला, मुरबाड रस्त्याच्या बाजूला. त्याला नाव नव्हतं. मी जादा पट्ट्यांची पेटी उघडली. सगळ्या बॅटऱ्या काढून ठेवलेल्या, मीच काढल्या होत्या. म्हटलं, सिग्नल भरकटतो, टॉवर लांब आहे, होतं असं. किशोरलाही पटलं.

पुढच्या तालमीला तो मोरीच्या अलीकडे होता. मग दर्ग्याच्या वळणावर. मग आमच्या पाड्याच्या फाट्याला. आम्ही नाचत असलो तेवढा वेळच तो चालायचा, ढोल थांबला की थांबायचा. मी किशोरचं यंत्र खोललं, पट्टे बदलले, माझा स्वतःचा फोन बंद करून बघितला. ठिपका होता तिथेच. सासूला सांगितलं नाही. तिने न विचारताच संध्याकाळी उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली, बाहेरून येणाऱ्याच्या पायांवर घालायला ठेवतात तसा. मी चिडून तो आत आणायची, ती परत ठेवायची.

कार्यक्रमाच्या सकाळी देवजीकाका घरी आले. म्हणाले, आज लोकांसमक्ष फेर बंद होऊ दे, पोरीला मोकळं करा. भागीबाई त्यांच्याकडे न बघता तांदूळ निवडत होती.

"तुमी काय ते करा. मी यायची नाय. माझा पोर घरी आला नि दारात कोण नसलं तर?"

"आई, आता किती दिवस?" मी म्हटलं. आवाज माझाच चढला. "मी दमले. रोज प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून दमले मी!"

तिने सूप बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "मग सोड तू. मी धरते."

मी काकांना हो म्हणून सांगितलं. पण खरं सांगू का, मला तो हवा होता. कशाही अवस्थेत, कुठूनही. हे मी कोणाला बोलले नाही, पण दिवसभर भांडी आपटली.

दिवेलागणीला शाळेच्या मैदानात माणसं जमली. शेणव्याहूनसुद्धा टेम्पो भरून लोक आले होते. पाठीमागे पांढरा पडदा. देवजीकाकांनी ढोलावर हात टाकला आणि फेर सुरू झाला. कर्ण्यातून पोरांचे आवाज येत होते. सर, गेट कुठलं? मॅडम, लिफ्ट बंद आहे. सर, पोचलो, खाली उभा आहे. पट्टे थरथरत होते, आम्ही धावत होतो, पुन्हा फेरात येत होतो.

नाचता नाचता माझी नजर पडद्यावर गेली. बिननावाचा ठिपका मैदानाच्या फाटकात उभा होता. मी फाटकाकडे बघितलं. तिथे आइस्क्रीमची गाडी आणि दोनचार माणसं. सगळी ओळखीची.

पुढच्या फेऱ्याला ठिपका फाटकात नव्हता.

मला आधी वास आला. पेट्रोल, पावसात भिजलेलं रेक्झिन आणि कोणाच्या तरी जेवणाची गरम भाजी. त्याची डिलिव्हरीची बॅग उघडली की शनिवारी घरभर यायचा तोच.

मग टॉवेल ताणला गेला.

वर्षभर तो मध्ये लोंबत होता. आता मध्यभागी मागे फुगला, कोणाची पाठ टेकावी तसा. बोटांना ऊब लागली. मी जैतूकडे बघितलं. जैतू समोर बघून नाचत होता, मान ताठ, कपाळावर घाम. आमच्या दोघांमध्ये नुसती हवा होती, आणि पलीकडे देवळाचा दिवा सरळ दिसत होता.

टॉवेलला हिसका बसला. एकदा. पुन्हा एकदा.

मी वळले. वर्षानंतर पहिल्यांदा वळण बरोबर आलं.

"जैतू, तू ओढलास?"

"नाय वहिनी." त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "मला वाटलं तुमी."

तेवढ्यात सगळ्यांचे पट्टे एकदम थरथरले.

ठरल्याप्रमाणे जैतूने टोक सोडलं आणि हात माझ्याकडे पुढे केला. पाचही बोटं मोकळी. काका ढोलावरून माझ्याकडे बघत होते, धर, धर, अशी मान हलवत होते. मनगटावरचा पट्टा थरथरायचा थांबेचना.

जैतूने सोडलेलं टोक खाली पडलं नाही.

ते कमरेच्या उंचीला तसंच राहिलं, मुठीत धरल्यासारखं चुरगळलेलं.

मी हात पुढे केला नाही. माझं टोक दोन्ही हातांनी धरलं. जैतूने ते बघितलं, त्याचा चेहरा उतरला, आणि तो एक पाऊल बाजूला सरला, शेजारच्या माणसाला नीट उभं राहता यावं म्हणून सरकतात तेवढंच. ढोल थांबला. दिवे गेले. अंधारात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संजीवनी मॅडम रडत माझ्याजवळ आल्या. "जागा भरलीच नाही तुम्ही! हे कधी ठरवलंत?" देवजीकाका ढोल तिथेच टाकून निघून गेले होते. मनगटावरचा पट्टा काढून मी किशोरच्या टेबलावर ठेवला. त्याने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या टॉवेलकडे, आणि झाकण लावून घेतलं.

घरी निघाले. टॉवेल सोडला नव्हता. मी चालत होते आणि तो पाठीमागे ताणलेला येत होता, ओढून नाही, बरोबरीने. वाटेत कुत्री उठली आणि बाजूला झाली. मी मागे बघितलं नाही. भीती वाटत होती म्हणून नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर, म्हणून.

भागीबाई उंबऱ्याशी बसली होती. पाण्याचा तांब्या शेजारी. मी वाकून आत गेले. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, मग वर, चौकटीच्याही वर. ती उठली आणि वाट सोडून उभी राहिली.

"वाक रे," म्हणाली, "डोकं लागंल."

माझ्या हातातला टॉवेल किंचित खाली झुकला.