चाळीस मिनिटांचा लेप

मेकॅनिकला मोटारसायकलच्या साखळीनं मारलं होतं. पहिला घाव मागून डोक्यात बसला आणि तो जागीच कोसळला. नंतर कुणीतरी त्याला उताणा केला आणि तोंडावर मारत राहिलं. डॉक्टरांनी वीस घाव मोजले आणि मोजणं सोडून दिलं. जबडा निखळला होता, एक कान जागेवर नव्हता.

मेकॅनिकची बायको हे सगळं न रडता सांगत होती.

"पोलिसांनी माझ्या दिराला धरलंय. उद्या कोर्टात उभं करणार. मी घरात आले तेव्हा सात वर्षांचा होता तो, वहिनी. एक गेला. दुसरा फासावर गेला तर त्या घरात मी कुणासाठी चूल पेटवू?"

वहिनींनी पंधरा वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी केली होती. आता त्या स्वतंत्रपणे तपास करत. सोबत त्यांचे दीर असत. सगळे त्यांना भावोजीच म्हणत. गाडी चालवणं, जड वस्तू उचलणं आणि चुकीचा तर्क करणं ही त्यांची कामं.

"त्यानं केलं नाही कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"रागावला की हातातला पाना जमिनीवर आपटतो तो. माणसावर कधी नाही."

गॅरेजच्या फरशीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. छतापर्यंत शिंतोडे होते. बायको दारातच थांबली.

भिंतीलगत दोन लाकडी ठोकळ्यांवर मोटारसायकलची पेट्रोलची टाकी उलटी ठेवली होती. खाली पत्र्याची वाटी होती आणि तिच्यात, टाकी गंजू नये म्हणून आतून देतात तो करडा लेप दगडासारखा घट्ट झाला होता. शेजारी लेपाचा रिकामा डबा पडला होता. त्यावर जाड पेननं '११.००' असं लिहिलं होतं.

"लेप कालवल्याची वेळ," बायको दारातून म्हणाली. "नेहमी लिहायचे. उशीर झाला तर डब्यातच दगड होतो."

वहिनींनी डब्यावरची सूचना वाचली. कालवल्यापासून चाळीस मिनिटं टाकी सर्व अंगांनी सतत फिरवावी; थांबल्यास लेप एका बाजूला साचतो. मग उलटी ठेवून जादा लेप निथळू द्यावा. पेट्रोल चार दिवसांनी.

"भावोजी, उचला जरा."

वहिनींनी टॉर्चनं टाकीच्या आत पाहिलं, बराच वेळ. मग टाकीचं पोट, दोन्ही कुशी आणि मागची बाजू पाहिली. सगळीकडे रक्ताची बोटं उमटली होती, घासलेली, ठसे म्हणून निकामी.

"झटापटीत लागली असतील," भावोजी म्हणाले.

"झटापट झालीच नाही. पहिल्या घावात माणूस पडला."

मोरीजवळच्या गाळणीत गंजाचा चिखल होता आणि त्यात पातळ करडे पापुद्रे, मागून तांबूस.

"उन्हानं सोललेल्या कातडीसारखे दिसतात," असं म्हणून भावोजींनी हात पुसला.

शेजारी सीट शिवणाऱ्याचं दुकान होतं. तो मशीन न थांबवता बोलत होता.

"सोमवारी अकराला भांडण झालं. जिवाबिवाचं काहीतरी ओरडत होता धाकटा. अकरा दहाला तणतणत निघून गेला. बाराला मी कात्री परत मागायला गेलो, तर हे असं."

"मारल्याचा आवाज आला नाही?"

"गॅरेजमधून ठोकाठोकीचा आवाज नाही येणार तर काय अंगाई ऐकू येणार? आधी आला की नंतर, कोण मोजतं? बारापर्यंत माझ्याकडे तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना विचारा."

"त्या टाकीचं काय होणार?"

"भंगार. अर्ध्यात सोडलेला लेप म्हणजे एका कोपऱ्यात दगड."

कोठडीत धाकट्याचा ओठ फाटला होता आणि डावा डोळा मिटला होता.

"भांडलात कशावरून?"

"कामावरून. मग दोन गल्ल्या सोडून पंक्चरवाल्याकडे जाऊन बसलो, जेवणाच्या वेळेपर्यंत."

"खून करून बसला," फौजदार म्हणाले. "अकरा दहाच्या आधी काम उरकलं होतं."

"टाकी सुकवली कुणी?" वहिनींनी विचारलं.

"मी. तासभर गरम हवा मारली. दादाला घाई असायची. आता ती फुकटच गेली असेल. घड्याळजींना सांगा, मी दुसरी शोधून देईन."

"आणि गाळणीतले पापुद्रे?"

धाकट्यानं भिंतीकडे पाहिलं. "मेलेल्या माणसाला नावं ठेवून माझ्या वहिनीचं काय भलं होणार?"

टाकी घड्याळजींची होती. त्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळं एका ठेक्यात चालत होती. समोरच्या बशीत पेट्रोल होतं आणि त्यात एक मनगटी घड्याळ सुटं करून बुडवलेलं होतं. पट्टा नव्हता. घड्याळजींच्या डाव्या मनगटावर घड्याळाखालच्या कातडीची पांढरी पट्टी उघडी पडली होती.

"मुलाची गाडी," ते हळू आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी चढावर अचानक बंद पडली. मागून ट्रक आला."

"त्याआधी कधी या मेकॅनिककडे दिली होती?"

"महिनाभर आधी टाकीलाच लेप मारून आणला होता पोरानं. खूश होता. आता वर्षभर पडून गंजली. चालू झालेली बघायची होती, एवढंच."

"सोमवारी गेला होतात गॅरेजवर?"

"रविवारी गेलो होतो. गंज झडावा म्हणून घातलेली साखळी टाकीत खुळखुळत होती. सोमवारी इथंच होतो." ते उठून दारापर्यंत आले. "टाकी शुक्रवारपर्यंत मिळेल ना? शुक्रवारी चार दिवस भरतात. पेट्रोल घालून बघीन म्हणतो."

"बिचारा," रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले. "मला तर तो सीटवालाच वाटतो. कात्री कुणी मागायला जातं का?"

"सीट शिवणारा जातो, भावोजी."

दुसऱ्या दिवशी, कोर्टाला तासभर अवकाश असताना, वहिनींनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. धाकट्याच्या हातात बेड्या होत्या. घड्याळजी टाकीजवळच्या स्टुलावर बसले होते.

"फौजदारसाहेब, या टाकीत बघा."

फौजदारांनी टॉर्च मारला. "करडं आहे सगळं. गुळगुळीत."

"कुठेच साचलेलं नाही. म्हणजे अकरा चाळीसपर्यंत टाकी फिरत होती. मग कुणीतरी ती निथळायलाही ठेवली."

"मेकॅनिकनंच. नंतर मेला."

"मग टाकीच्या पोटावर, कुशींवर रक्ताची बोटं कुणाची? रक्त सांडल्यावरच ती उमटली. मेकॅनिक तर उठलाच नाही. ज्यानं मारलं, त्यानं प्रेताशेजारी बसून उरलेला वेळ टाकी फिरवली. धाकटा तेव्हा पंक्चरवाल्याकडे होता. सीटवाल्याकडे गिऱ्हाइकं होती."

"पण खून करून टाकी कोण फिरवतं?" भावोजी म्हणाले.

"ज्याला ती टाकी हवी होती. धाकटा म्हणाला फुकट गेली, सीटवाला म्हणाला भंगार. त्या धंद्यातल्या माणसाला तसंच वाटणार. एकच माणूस दिवस मोजत होता. शुक्रवारी चार दिवस भरतात. लेप पुरा झाला हे त्याला कुणी सांगितलं? मी सांगितलं नव्हतं."

सगळे घड्याळजींकडे वळले.

"गाळणीतले पापुद्रे हा गेल्या वर्षीचा लेप आहे," वहिनी पुढे म्हणाल्या. "ओल्या टाकीवर दिलेला. तो सुटला, पेट्रोलची वाट बुजली आणि गाडी चढावर बंद पडली. धाकट्यानं ते ओळखलं, म्हणून भांडण झालं. तो गेल्यावर तुम्ही आलात, घड्याळजी. तुमच्या मनगटावरचं घड्याळ काल पेट्रोलच्या बशीत होतं. त्यात रक्त गेलं होतं ना?"

घड्याळजींनी मनगटावरच्या पांढऱ्या पट्टीवर हात ठेवला.

"मी विचारलं, हे काय आहे? म्हणाला, जुना लेप, ओल्यावर बसला की सुटतो कधीकधी. हसला. टाकी खाली ठेवून नळाकडे वळला. साखळी हाताशीच होती. त्याचं हसणं बंद करायचं होतं. बंद झालं, तरी मी मारतच राहिलो." त्यांचा आवाज चढला नाही. "मग टाकी दिसली. घड्याळात पाहिलं. अठरा मिनिटं उरली होती. डब्यावर लिहिलं होतं तसं केलं. या वेळी तरी कुणीतरी नीट करायला हवं होतं."

धाकट्यानं मान खाली घातली.

मेकॅनिकची बायको तीन दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. फळीवरचा घण तिनं दोन्ही हातांनी उचलला. घड्याळजी हलले नाहीत, डोकंही झाकलं नाही. पण घण टाकीवर पडला. तेव्हा मात्र ते उठले आणि मधे हात घालायला धावले. फौजदारांनी त्यांना धरलं. दुसऱ्या घावात पत्रा खोल चेपला, तिसऱ्यात कूस आत गेली. ती मारत राहिली, नवऱ्याला जसं कुणी मारलं होतं तशी, दम संपेपर्यंत.

घण तिच्या हातातून गळला. धाकटा बेड्यांसकट तिच्याजवळ गेला.

भावोजींनी ती चेपलेली टाकी उचलली, वर्तमानपत्रावर उलटी केली आणि जोरानं हलवली. पुन्हा हलवली.

कागदावर लेपाचा एक कपचाही पडला नाही.